आधी ट्रॉली तौलकाट्यावर न्या

पत्र थोडक्यात: इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३८. वडिलांचा मंडप आणि केटरिंगचा व्यवसाय. ऑर्डरी, हिशेब आणि बँकेचे हप्ते ताई बघतात. गाडी थोरले भाऊ चालवतात, आणि घाट उतरायचा असला की वडील अजूनही शेजारी बसतात. जुनी डिझेल पिकअप आता थकली आहे. नवी घ्यायची आहे आणि तिच्यामागे जनरेटरची दोन चाकांची ट्रॉली जोडून न्यायची आहे. दादांनी १२०० सीसीची, सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी पिकअप पाहून ठेवली आहे. त्यांच्या हिशेबाने वर्षाला ऐंशी हजार वाचतील. शिवाय डिझेल गाड्या दहा वर्षांनी बंदच होणार आहेत, आणि परदेशी व्हिडिओंत लोक गॅसच्या गाडीने केवढाले ट्रेलर ओढतात, असं ते म्हणतात. बाबांचं म्हणणं एकच आहे: ओढण्याचं काम डिझेलचं, आणि गॅसची टाकी पाठीशी बांधून घाटात कुणी जाऊ नये. कर्ज आणि गाडी दोन्ही ताईंच्या नावावर होणार आहे. त्या लिहितात, "मला गाडीतलं काही कळत नाही, पण सही माझी आहे. जेवायला बसलं की हाच विषय निघतो आणि दोघंही पान अर्धं टाकून उठतात. मी कुणाचं ऐकू?"

ताई,

तुमच्या पत्रात दादांचं म्हणणं आहे, बाबांचं म्हणणं आहे, दोन गाड्यांच्या किमती आहेत, हप्ते आहेत. ट्रॉलीचं वजन मात्र कुठेच नाही. ते सापडतंय का म्हणून मी पत्र पुन्हा वरपासून वाचलं. घरात इतके दिवस ओढण्यावरून ओढाताण चालली आहे आणि जे ओढायचं आहे ते किती किलोचं आहे हे अजून कुणी मोजलेलं नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. ट्रॉलीवर जनरेटर, त्याच्या टाकीत डिझेल, केबलची गुंडाळी, जे काही नेहमी तिच्यावर असतं ते सगळं ठेवून ती तौलकाट्यावर न्या. पिकअपही नेहमीच्या सामानाने भरून वेगळी तोलून घ्या. दोन पावत्या मिळतील, त्या जपून ठेवा. २५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर एकटाच हजार किलोच्या आसपास भरतो. ट्रॉलीची चौकट, चाकं आणि वरचं किडूकमिडूक धरलं की आकडा तेराशेच्या घरात जायला वेळ लागत नाही. तुमचा जनरेटर लहान असेल तर बोलणं वेगळं, मोठा असेल तर आणखी वेगळं. पण अंदाजाने गाडी घेऊ नका.

आता तुमचं ते वाक्य, "मला गाडीतलं काही कळत नाही." हे मला मान्य नाही. मी वीस वर्षं मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. त्या अनुभवावरून सांगतो, कोणती गाडी घ्यावी याचं बरंचसं उत्तर बॉनेटखाली नसतं, ऑर्डरच्या वहीत असतं. ती वही तुमच्याकडे आहे. त्यातूनच तुम्ही लिहिलंत की गेल्या वर्षी साठ कामं झाली. पंचेचाळीस शहरातली, नऊ देवास, उज्जैन, महूकडची, आणि सहा घाटाखालची, म्हणजे महेश्वर, मंडलेश्वर आणि ओंकारेश्वर. गाडी वर्षभरात चौदा हजार किलोमीटर चालली. हे आकडे दादांना आणि बाबांना माहीत आहेत का? मला वाटतं नसावेत. असते तर दादांच्या ऐंशी हजारांचा हिशेब तसा निघाला नसता.

तो कसा निघाला हे मी करून पाहिलं. दादांनी रोज शंभर किलोमीटर धरलेत, म्हणजे वर्षाचे साडेछत्तीस हजार. हे भाजी मंडीला माल पोचवणाऱ्या गाडीचं चालणं झालं. मंडपवाल्याची गाडी लग्नाच्या दारात उभी राहते, चातुर्मासात तर अंगणात. सोयीसाठी समजू की डिझेलचा लिटर आणि सीएनजीचा किलो दोन्ही ९२ रुपयांना आहेत. तुम्ही त्या दिवशीचे भाव घाला. तुमच्या पत्राप्रमाणे डिझेल गाडी भरल्यावर लिटरला ११ देते आणि दादांच्या ओळखीच्यांची सीएनजी किलोला १५. म्हणजे डिझेलचा किलोमीटर ८ रुपये ३६ पैशांना आणि सीएनजीचा ६ रुपये १३ पैशांना पडला. फरक सव्वादोन रुपयांचा. साडेछत्तीस हजारांना गुणलं तर दादांचे ऐंशी हजार होतात, चौदा हजारांना गुणलं तर एकतीस हजार. एकतीस हजारही कमी नाहीत, महिन्याला अडीच हजारांवर झाले. पण ते ऐंशी नाहीत. आणि ज्यांची सरासरी किलोला १५ आहे त्यांच्यामागे ट्रॉली आहे का, हे विचारा. मागे हजार-बाराशे किलो लागले की दोन्ही इंधनांची सरासरी पडते, आणि लहान इंजिनाची जास्त पडते, कारण त्याला सतत खालच्या गिअरमध्ये, चढ्या आवाजात राबावं लागतं.

परदेशी व्हिडिओंबद्दल थोडं सांगतो, कारण हा घोळ मी बऱ्याच तरुणांच्या डोक्यात पाहिला आहे. अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल. गॅसोलिनचं ते छोटं रूप आहे. तिथले लोक ट्रेलर ओढायला गॅसची पिकअप घ्यावी की डिझेलची यावर तासन्‌तास बोलतात तेव्हा ते पेट्रोल आणि डिझेलबद्दल बोलत असतात, सीएनजीबद्दल नाही. आणि त्यांचं पेट्रोल इंजिनही आपल्याकडच्यासारखं नसतं. फोर्डच्या मोठ्या पिकअपला ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन येतं. रॅमच्या ६.७ लिटर डिझेलचा सर्वांत ताकदवान प्रकार साडेचौदाशे न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. आपली अडीच लिटरची डिझेल पिकअप साधारण दोनशे देते आणि १२०० सीसीची बाय-फ्युएल, म्हणजे दादांनी पाहिलेली दोन इंधनांची, शंभरच्या आसपास. तिथे गाडीने किती ओढायचं हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. दादांनी व्हिडिओत गाडी पाहिली, ट्रेलरची चाकं पाहिली, पण त्या चाकांतले ब्रेक कुणी दाखवले नसतील. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक आहेत का? पत्रात उल्लेख नाही. बहुतेक नसावेत.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि ती कळली तर जेवणाच्या पानावरचं भांडण निम्मं मिटेल. बाबा सीएनजीला नावं ठेवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दादांनी पाहिलेलं लहान इंजिन असतं. ते डिझेलची बाजू घेतात तेव्हा अडीच लिटरचं मोठं इंजिन असतं. तुलना इंधनांची चाललेलीच नाही, लहान आणि मोठ्या इंजिनाची चालली आहे. लहान इंजिन गॅसवर आणखी थोडं मवाळ होतं हे खरं, कारण गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नसेल तर ताकद दहाएक टक्क्यांनी उतरते. पण आता अडीच लिटरच्या टर्बो इंजिनाच्या, निव्वळ सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपही बाजारात आहेत आणि त्यांचा टॉर्क त्याच मापाच्या डिझेलच्या जवळपास जातो. तुमच्या घरात तिसऱ्या पर्यायाचं नावच निघालेलं दिसत नाही. तो शोरूममध्ये जाऊन बघा. किंमत जास्त असेल, ती एकतीस हजारांच्या बचतीशी ताडून बघा.

डिझेलच्या बाजूने बाबा जे सांगतात ते त्यांच्या काळच्या डिझेलबद्दल खरं आहे. कमी फेऱ्यांत जोर, धीमी चाल, कुठेही दुरुस्ती. पण १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. गाळणीत साचलेली काजळी जाळायला धुराचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत चढावं लागतं. त्यासाठी गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालावी लागते. तुमच्या पंचेचाळीस कामांत ती कुठून कुठे जाते? सुदामानगरहून रामबाग, तिथून लोकमान्यनगर, मधे राजवाड्याच्या बाजूला काही सामान घेणं. तीन-चार किलोमीटर, थांबा, पुन्हा तीन-चार किलोमीटर. अशा चालीत गाळणी तुंबते, डॅशवर दिवा लागतो, आणि ड्रायव्हर तो दिवा बघून न बघितल्यासारखं करतो. माझ्या एका विद्यार्थ्याने दुधाच्या रतिबासाठी अशी डिझेल गाडी घेतली होती. वर्षभरात गाळणीवर झालेल्या खर्चाने तो रडकुंडीला आला. त्यात गाडीचा दोष नव्हता, काम त्या गाडीचं नव्हतं. डिझेल घेतलंत तर आठवड्यातून एकदा तरी तिला बायपासवर नीट चालवायला न्यायचं हा नियमच करा.

बंदीची भीती मात्र दादांनी काढून टाकावी. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल ही मर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठीच्या आदेशांतून आली. इंदूर त्यात नाही. आपल्याकडे मालवाहू गाडीची फिटनेस बघतात: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. जुनी गाडी विकताना भाव कमी येईल का, हा प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळा.

तशीच बाबांची टाकीची भीती. सीएनजी दोनशे बारच्या दाबाने भरतात, म्हणून तिची टाकी जाडजूड असते आणि दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. ती तारीख चुकवायची नाही. एवढं केलं तर बाबांनी एका गोष्टीचा विचार करावा. सीएनजी हवेपेक्षा हलकी, गळली तर वर उडून जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली तळाशी साचतो. तुमच्या पिकअपमध्ये आचाऱ्यांच्या शेगड्यांबरोबर स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर जातात, आणि ते कितीदा आडवे पडून जातात हे तुम्हीच जाणता. इतकी वर्षं त्यांची भीती वाटली नाही, तर चाचणी केलेल्या टाकीची त्याहून जास्त वाटू नये. ते सिलिंडर उभे करून पट्ट्याने बांधा, ही सूचना मात्र आजच अमलात आणा, गाडी कुठलीही घ्या.

दादा म्हणतात की आपल्या इंदूरच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनतो, तर आपणच ती वापरायला नको का? हे मला मनापासून आवडलं. देवगुराडियाचा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, आणि शहरातल्या बस त्या गॅसवर धावतात. तुमच्या मांडवातलं उष्टंखरकटंही तिथेच जातं. सीएनजीच्या बाजूने हे कारण खरं आहे, ते हिशेबात बसत नाही म्हणून खोटं ठरवायचं कारण नाही. फक्त त्याच्या भरवशावर घाट उतरता येत नाही.

आणि ताई, माझा खरा जीव त्या घाटात अडकला आहे. ओढण्याचं सगळे बोलतात. तुम्हाला प्रश्न थांबण्याचा आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरायचं तर ही उंची कुठेतरी घालवावीच लागते. मानपूरकडून जा, महूवरून जाम दरवाजाने मंडलेश्वरला उतरा, नाहीतर सिमरोलहून भेरूघाटाने बडवाहला जा. तुमची भरलेली पिकअप आणि ट्रॉली मिळून चार टन धरली आणि घाटात ती तीनशे मीटर खाली आली, तर जी शक्ती मोकळी होते ती सदतीस लिटर गार पाण्याला उकळी आणेल इतकी असते. तुम्ही केटरिंगवाल्या, तेवढं आधण ठेवायला किती आच लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातला काही भाग वारा आणि टायर खातात. बाकीचा इंजिनाने आणि ब्रेकने घ्यायचा. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर ट्रॉलीच्या वाट्याची आचही पिकअपच्याच चार चाकांवर येते. ब्रेकचे लायनर तापतात, वास येतो, पेडल हळूहळू मऊ पडत जातं. धामणोदच्या अलीकडच्या गणपती घाटात ब्रेक गेलेले ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत.

मी स्वतः एकदा एका मित्राच्या गाडीत भेरूघाट उतरलो होतो, मागे अशीच जनरेटरची ट्रॉली. अर्ध्या घाटात तो जळका वास आला. मित्र म्हणाला, पुढच्या गाडीचा असेल. मला कळत होतं की आमचाच आहे, आणि तरी मी दोन वळणं काही बोललो नाही. नंतर गाडी बाजूला घेतली, चाकांखाली दगड लावले आणि तासभर बसून राहिलो. ती दोन वळणं गप्प बसलो याची मला अजून रुखरुख वाटते. बाबा घाटात शेजारी बसतात ते उगाच नाही.

इथे डिझेलबद्दल एक गोष्ट आहे, ती बाबांना पटायला वेळ लागेल. पेट्रोल किंवा सीएनजी इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची झडप मिटते आणि इंजिन गाडीला मागे धरतं. डिझेलमध्ये साधारणपणे तशी झडप मिटत नाही, म्हणून एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला गाडी धरायला लावणारी सोय) नसलेली लहान डिझेल गाडी उतारावर वाटते तितकी धरून ठेवत नाही. मोठ्या इंजिनाचा आधार मोठा, हेही खरं. त्यामुळे निकाल इंधनावर लागत नाही, गिअरवर लागतो. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर कितीही अनुभवी असला तरी त्याला ट्रॉली देऊ नका.

ट्रॉलीचं वजन नुसतं किती यावर भागत नाही, कुठे आहे तेही बघा. एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर यावा. जनरेटर मागे सरकवून बसवला असेल तर हूक उचलल्यासारखा होतो आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटासारखी झुलायला लागते. तसं झालं तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा. जनरेटर एक वीत पुढे घेतल्याने सुटलेला प्रश्न मी पाहिला आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ट्रॉलीचे टायर झिजत नाहीत म्हणून कुणी बदलत नाही, आणि ते उन्हात उभ्या उभ्या कडक होतात. आकडे वाचून घ्या. हुकाबरोबर साखळी हवी, मागे चालू असलेले दिवे हवेत.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गाडी तुमच्या नावावर होणार, म्हणजे जादा वजनाचा दंड आणि अपघाताची भरपाई यांत मालक म्हणून तुमचं नाव येणार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० असा दंड आहे. म्हणून विक्रेत्याला तोंडी नाही, लेखी विचारा: या मॉडेलला ट्रॉली ओढायची कंपनीची परवानगी आहे का, आणि किती किलोपर्यंत? लेखी उत्तर येत नसेल तर ते 'नाही' समजा. गाडी घेतल्यावर ओळखीच्या गॅरेजात बंपरला हूक वेल्ड करून घेण्याचा बेत असेल तर तो सोडा. कंपनीच्या रचनेत परस्पर बदल करायला कायद्याची मनाई आहे, आणि विमा कंपनीला हात वर करायला तेवढंच कारण पुरतं. ट्रॉलीचीही नोंदणी आणि विमा लागतो, आरटीओत आणि विमा एजंटकडे दोन्हीकडे तिचं नाव काढून विचारा. परवान्याची काळजी नको. एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. मी सहा कामांसाठी गाडी घेतली नसती, चोपन्न कामांसाठी घेतली असती. घाटाखालच्या सहा कामांना जनरेटर इंदूरहून ओढून नेण्याऐवजी तिथलाच भाड्याने लावला असता. महेश्वर-मंडलेश्वरला लग्नं होतात, तिथेही मंडपवाले आहेत, त्यांच्याकडे जनरेटर असणार. भाडं वाहतुकीसकट विचारा, सहाने गुणा. मला वाटतं तो आकडा सीएनजीच्या वर्षभराच्या बचतीत बराचसा झाकला जाईल, आणि दादांना घाटात रिकाम्या पाठीने उतरता येईल. तिथला जनरेटर नकोच असेल, आपल्याच यंत्रावर भरवसा असेल, तर त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने घ्या आणि क्रेनने जनरेटर तिच्यावर चढवून न्या, ट्रॉली घरी ठेवून.

असं जमत असेल तर गावातल्या आणि उज्जैन-देवासच्या सपाट रस्त्याच्या कामांना सीएनजी, पण दादांनी पाहिलेली लहान नव्हे, मोठ्या टर्बो इंजिनाची. टाकीच्या वजनाने सामान न्यायची क्षमता किती घटते ते पुस्तकात बघा, कारण तुमचे लोखंडी पाइप काही हलके होणार नाहीत. लग्नसराईत पंपावरच्या रांगेत किती वेळ जाईल हे दादांना एका शनिवारी सकाळी उभं राहून पाहू द्या. मोठी सीएनजी बजेटबाहेर गेली आणि ट्रॉली तौलकाट्यावर हजार किलोंच्या वर भरली, तर बाबांचं ऐका, डिझेल घ्या, आणि गाळणीसाठी बायपासचा नियम पाळा. लहान बाय-फ्युएल एकाच परिस्थितीत घ्या: ट्रॉली कायमची विकून टाकायची ठरलं आणि जनरेटर सगळीकडेच भाड्याने घ्यायचा ठरला, तर. तो पर्यायही वेडगळ नाही. तुमचा जनरेटर वर्षात किती दिवस खरोखर चालू होतो हे त्याच वहीत सापडेल. आणि घाटात ट्रॉली न्यायचीच असा हट्ट असला, तर इंधन कुठलंही घ्या, आधी ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्या. ब्रेकशिवाय मी कुणालाच हो म्हणणार नाही.

ज्यांचे रसवंतीचे, चाटचे, आइस्क्रीमचे ट्रेलर आहेत, ज्यांच्या गणेश मंडळाला अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीला जनरेटर ओढून न्यायचा असतो, अशा वाचकांनाही हाच क्रम लागू आहे. वजन, ब्रेक, कंपनीचं लेखी उत्तर, मग गाडी, मग इंधन.

राहिली घरातली गोष्ट. तुम्ही विचारता, कुणाचं ऐकू. मला पत्र वाचताना वाटलं की बाबा डिझेलसाठी भांडत नाहीयेत. घाटात अजून आपली गरज आहे, हे त्यांना ऐकायचं आहे. दादांनाही ऐंशी हजारांपेक्षा आपण काढलेला हिशेब कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावा एवढंच हवं असेल. दोघांना न्याय देण्याची सोपी जागा आहे. शोरूमवाल्यांना सांगून गाडीची चाचणी फेरी घ्या, पण रिकाम्या गाडीने नाही, तुमच्या पाइपांनी भरून, आणि चढावर. दादा चालवतील, बाबा शेजारी बसतील. चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचलायला सांगा. क्लचचा वास येतो का, गाडी मागे सरते का, हे बाबांइतकं कुणाला कळणार नाही. तुम्ही मागे वही घेऊन बसा आणि बाबा जे बोलतील ते लिहून घ्या. त्यांच्यासमोर लिहून घ्या.

तौलकाट्याची पावती हातात आली की मला तो आकडा कळवा. तोपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका, सणाची सूट संपतेय असं विक्रेता म्हणाला तरी. आणि पावतीच्या मागे ट्रॉलीच्या दोन्ही टायरांचे ते चार-चार आकडे लिहून ठेवा, मला तेही हवे आहेत.